तीन कार्डांचा घोडा

शब्दकोशाच्या कचेरीत त्या सोमवारी सकाळी ओल्या रंगाचा वास होता, जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं होती आणि 'घ'च्या कपाटासमोर एक माणूस चार पायांच्या उंच लाकडी चौकटीवर चढून छत रंगवत होता. चौकट हलल्याशिवाय कपाट उघडणार नव्हतं.

"हे जरा बाजूला घ्याल का?" खालून संपादिका म्हणाली.

"काय घेऊ?"

"हे... ज्यावर तुम्ही उभे आहात. टेबल, शिडी, जे काय असेल ते."

"घोडा म्हणतात याला, मॅडम," रंगारी ब्रश न थांबवता म्हणाला. "तासाभरात घेतो."

कचेरीत तिला सगळे कात्री म्हणायचे. अकरा वर्षं ती इतरांच्या नोंदी छाटत आली होती आणि तिच्या हातून एकही चुकीचा अर्थ छापून गेलेला नव्हता. त्या कात्रीच्या हातात त्या वेळी 'घोडा' या शब्दाचीच नोंद होती. दीड पानाची, तिच्या मते पूर्ण, गुरुवारी छापखान्यात जायची. बुद्धिबळातला घोडा होता, बंदुकीचा घोडा होता. हा नव्हता.

"कोण म्हणतं?" तिने विचारलं.

"काय कोण म्हणतं?"

"याला घोडा. तुम्हीच म्हणता की सगळे रंगारी म्हणतात?"

आता ब्रश थांबला. त्याने वाकून खाली पाहिलं. भुवईवर पांढऱ्या रंगाचा ठिपका... आणि डोळ्यांत हसू. तिला दोन्हींचा राग आला.

"सगळेच म्हणतात. का? घोड्याचं काही बिनसलंय का?"

बिनसलं होतं. कोशाचा नियम असा की, कुठलाही अर्थ नोंदवायचा तर तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडची तीन वाक्यं हवीत, प्रत्येकाचं वेगळं कार्ड. बोलणारा कोण, धंदा काय, तारीख, प्रसंग. तिने तीन कोरी कार्डं वर सरकवली. "संध्याकाळपर्यंत मिळतील?"

"दुपारपर्यंत देतो," तो म्हणाला.

दुपारी कार्डं आली. इथवर ठीक होतं. पण मंगळवारी तो आणखी सहा घेऊन हजर झाला.

"हे काय?"

"व्यायामशाळेत उडी मारायला असतो तो घोडा. आणि तंतुवाद्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. तुमच्याकडे नव्हती ना?"

नव्हती. तिने पान पुन्हा लावायला घेतलं. बुधवारी सकाळी पिस्तुलाला घोडा म्हणणारे तिघे आले आणि थोराड मुलीला घोडी म्हणणारे तिघे. तिने पुन्हा पान मोडलं.

"तुमचं मी काय घोडं मारलंय?" ती वैतागून म्हणाली. "सगळं एकदम नाही का आणता येत?"

"एकदम आणलं तर रोज कसं..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं आणि डब्यातला रंग ढवळायला घेतला. मग खिशातून आणखी तीन कार्डं काढून पालथी ठेवली. "हा अर्थ मी तोंडाने सांगणार नाही."

तिने कार्डं उलटली, शांतपणे वाचली. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "सकर्मक की अकर्मक?"

"काय?"

"क्रियापद. लावणारा कोण ते कळलं, कोणाला लावतात ते वाक्यात यायला हवं."

रंगारी कानापर्यंत लाल झाला आणि तिला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी रंगकाम संपलं. डबे गेले, वर्तमानपत्रं गेली. घोडा मात्र कपाटासमोर तसाच उभा राहिला. गुरुवारी दुपारी, नोंद पाठवायला तास उरला असताना तो पुन्हा दारात.

"शेवटचा," तो म्हणाला. कार्डावर लिहिलं होतं: घोडा ठेवणे – काम संपल्यावरही, परत यायला निमित्त राहावं म्हणून घोडा मुद्दाम मागे सोडणे. तीन कार्डं, तीन हस्ताक्षरं, तीन रंगारी. अर्थ सुरेख होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. घाईत तिने सही केली आणि पान गेलं.

शुक्रवारी सकाळी एक जाडजूड गृहस्थ घोडा न्यायला आले. रंगाऱ्याचे मामा, कामाचे ठेकेदार.

"दोन दिवस नुसता शोधतोय. भाचा म्हणाला, इथे राहिला."

"तुमच्यात 'घोडा ठेवणं' म्हणतात ना," ती सहज म्हणाली, "मुद्दाम, परत यायचं म्हणून..."

मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. असं कोणी म्हणत नाही. घोडा मागे ठेवणाऱ्याला आम्ही गाढव म्हणतो."

तिने कार्डं काढून उजेडात धरली. दोन कार्डांवरचा 'ठ' एकाच हाताचा होता.

तिने आधी छापखान्याला फोन केला. पान शनिवारी सकाळी दहाला यंत्रावर चढणार होतं. मग ती मुख्य संपादकांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सांगितलं. "खोटं कार्ड गेलंय. माझ्या सहीने."

"घोडचूक," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "उद्या दहाच्या आत नोंद दुरुस्त होऊन आली पाहिजे. नाही आली, तर पुढचा खंड मी दुसऱ्याकडे देईन."

पुढच्या खंडासाठी ती अकरा वर्षं थांबली होती.

रंगारी मामांच्या मागोमाग आलाच होता, जिन्यात उभा होता. तिने कार्डं त्याच्यासमोर धरली.

"एक उजव्या हाताने लिहिलं," तो म्हणाला. "एक डाव्या. तिसरं बहिणीने."

"का?"

"काम संपलं होतं... आणि..."

"आणि काय? बोलता येतं ना तुम्हाला? चार दिवस तोंडाचा पट्टा बंद नव्हता." तिने कार्डं मागे घेतली. "एक कार्ड खोटं निघालं की त्या माणसाची सगळी कार्डं बाद होतात. नियम आहे. तुमचे सहा अर्थ, अठरा माणसं. आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माझ्यासमोर बोलतं करायचं."

"स्कूटर आहे माझी."

"तीही खोटी नसेल तर चला."

स्कूटर खरी होती, आरसा तेवढा तुटलेला होता. बाराच्या आत ते तीन रंगाऱ्यांकडे जाऊन आले. वाद्यं बनवणाऱ्या म्हाताऱ्याने घोडी दाखवली, पण नुसतं दाखवून भागत नव्हतं, वाक्य हवं होतं, आणि म्हातारा अबोल. तो बोलेपर्यंत पाऊण तास गेला. रंगाऱ्याने त्या वेळात त्याची सुटलेली खिडकी दुरुस्त करून टाकली. खिडकी नीट बसल्यावर म्हातारा एकदाचा म्हणाला, "घोडी सरकली की सूर गेला."

तिने ते लिहून घेतलं. वाक्य त्याने मंगळवारी दिलेल्या कार्डावरचंच होतं, शब्दन् शब्द. व्यायामशाळेतही तसंच. पिस्तुलासाठी ते पोलीस चौकीत गेले, तिथे हवालदाराने आधी त्या दोघांचीच नावं लिहून घेतली आणि घोडा कशाला हवाय ते चारदा विचारलं. ट्रकच्या तळावर तिने पालथ्या कार्डांचा अर्थ एका चालकाला सरळ विचारला. त्याच्या हातातला चहा सांडला. रंगारी पाठ फिरवून टायरांचा अभ्यास करू लागला.

"तुम्ही विचारायचं होतंत," ती परत येताना म्हणाली.

"मला तुमच्यासमोर नसतं जमलं."

"खोटं लिहायला बरं जमलं."

दर वळणावर तो स्कूटर हळू करत होता आणि ते तिच्या लक्षात येत होतं. उन्हात त्याच्या शर्टाला टर्पेंटाइनचा वास येत होता. पंधरा कार्डं झाली होती, पंधराच्या पंधरा जशीच्या तशी खरी. या माणसाने खरंच गावभर फिरून तिच्यासाठी शब्द गोळा केले होते. मग एवढं एकच... यानेच तर तिचं डोकं जास्त उठत होतं.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने स्कूटर कडेला घेतली.

"खरी आणलीत तेवढी पुरे नव्हती का?"

"ती संपली," तो म्हणाला. या वेळी त्याने नजर चुकवली नाही. "अर्थ संपले. आणि मला तर उद्याही यायचं होतं. नुसतं येऊन उभं राहायचं तर काय सांगणार? तुम्ही मला आवडता, एवढंच होतं. त्याला कुठे तीन माणसं सापडणार?"

ती बराच वेळ हातातली कार्डं सारखी करत राहिली. ती सारखीच होती.

"हे सोमवारी सांगितलं असतंत," ती शेवटी म्हणाली, "तर माझं पान चारदा मोडलं नसतं."

"सोमवारी सांगितलं असतं तर?"

"छाटलं असतं." आणि हसू आवरायच्या आत ती मागे बसली. "चला. अजून तीन राहिलीत."

थोराड मुलीला घोडी म्हणणाऱ्या त्याच्या आत्या आणि शेजारीण भेटल्या. तिसरी बाई मात्र परगावी गेली होती. सात वाजले होते. इथेच घोडं पेंड खात होतं.

"माझ्या आईकडे चला," ती नाइलाजाने म्हणाली. "तिला विचारायचीही गरज पडणार नाही."

खरंच पडली नाही. दार उघडताच आई सुरू झाली. "सकाळपासून पत्ता नाही, एक फोन नाही. एवढी मोठी घोडी झालीस, तरी कळू नये?" मग मागे उभा असलेला माणूस तिला दिसला. "हे कोण?"

"नमस्कार," रंगारी घाईघाईने म्हणाला. "मी रंगाच्या कामासाठी... म्हणजे भिंती बघायला..."

"नाही," ती म्हणाली. "भिंतींचं काही नाही, आई. हे माझ्यासाठी आलेत."

आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

दारातच त्याने अठरावं कार्ड भरलं. तिने ते हातात घेऊन तपासलं. बोलणाऱ्या: आई. वाक्य बरोबर, तारीख बरोबर. प्रसंगाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: पहिली भेट.

तिने पेन उघडलं आणि 'पहिली' हा शब्द खोडला.

"आता यात काय चुकलं?"

"दुसरी झाल्याशिवाय पहिली म्हणता येत नाही."

"मग उद्या येतो," तो म्हणाला.

"पान दहाला चढतं," ती म्हणाली. "अकराला या. आणि... काही आणू नका."