पोपटीतला काळा बटाटा

पूर्वीने बटाटा तोंडात टाकला आणि तिचे डोळे पांढरे झाले.

"कसा झालाय?" शेफालीने विचारलं.

उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर बटाटा बाहेर आला असता. मग तो आलाच! पूर्वी गटाराकडे धावली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. भर उन्हात वितळलेल्या रस्त्यावर कुणी जुनी चप्पल परतून वाढावी, तशी ती चव होती.

मयूरने अंडं सोललं. पांढऱ्यावर तपकिरी, तेलकट तवंग. त्याने नाक शर्टात खुपसलं. "ए, हे अंडं आहे की बुटाचं पॉलिश?"

लालबागच्या त्यांच्या चाळीत नाताळच्या सुट्टीत दरवर्षी पोपटी लागायची. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं पटांगणात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. सगळं वाफेवर आणि धुरावर शिजतं. हे काम अलिबागकडच्या सुभद्राआजींचं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा आजींनी मडकं पूर्वीच्या हातात दिलं होतं. संध्याकाळी सगळी चाळ जेवणार, म्हणून सकाळी ही रंगीत तालीम.

चाळ कमिटीचे दौलतकाका लांबूनच वास घेऊन मोकळे झाले. "पोरांनी भलताच पाला कोंबलाय," ते आजींना म्हणाले. "काकू, मी सांगत नव्हतो? संध्याकाळी बिर्याणी मागवतो. आणि पुढच्या वर्षीपासून हे मडकं-बिडकं बंद."

आजींनी उरलेला पाला गुंडाळून बाजूला ठेवला. पूर्वीला ते जास्त लागलं.

"काका, दुपारपर्यंत थांबा ना. प्लीज."

"थांबतो. पण मला चाखायला लावू नकोस बाई."

तिघं जिन्यात बसली. पाला आजींच्या भाच्याने गावाहून आणलेला, आजींनी स्वतः निवडलेला. मडकं कोरं. शेंगा ताज्या.

"मग उरलं काय?" शेफाली म्हणाली.

"लाकूड," पूर्वी म्हणाली. "काकांनी आणलेलं. म्हणे, वखारीतला अस्सल आंबा!"

जिन्याखाली ताडपत्रीने झाकलेला ढीग होता. ताडपत्री उचलली आणि सकाळचाच तो उग्र भपकारा नाकात घुसला. शेफालीने एक फळी ओढली.

"ईऽऽ! माझ्या बोटांना काय चिकटलं हे? निघत नाहीये रे!"

फळीची एक बाजू काळी, चिकट. त्यात गंजके खिळे आणि खरखरीत पांढरे शिंपले.

"आंब्याला शिंपले कधीपासून लागायला लागले?" मयूर म्हणाला. त्याच्या मामाची शिवडीला होडी होती. "हा होडीचा तळ आहे. पाणी आत शिरू नये म्हणून डांबर फासतात. मामाला मदत केली की आठवडाभर माझ्या नखांतून जात नाही."

"म्हणजे आपण डांबराच्या धुरावर..." पूर्वीने बाहीने जीभ पुसली.

"चल, काकांना सांगू," शेफाली म्हणाली.

"सांगून ऐकतात होय ते?" पूर्वी म्हणाली. "चाखवू या."

पण दुसरा जाळ कशाचा करायचा? पूर्वीला आठवलं, चाळीत वाटणाशिवाय कालवण होत नाही, म्हणजे घरोघरी नारळ फुटतात. तिघांनी दारं वाजवत करवंट्या गोळा केल्या. पिशव्या भरल्या, वर मयूरच्या डोक्यावर टोपलीही आली.

दुपारी सगळ्यांसमोर दोन लहान मडकी लागली. शेंगा त्याच, पाला तोच. एकाला काकांचं लाकूड, दुसऱ्याला करवंट्या. मडकी फोडल्यावर पूर्वीने पहिल्या मडक्यातला बटाटा काकांपुढे धरला.

"पाल्याचा दोष आहे ना काका? मग दोन्हींत सारखाच लागेल. गिळू मात्र नका हं."

चाळ बघत होती. माघार कशी घ्यायची? काकांनी घास घेतला. गाल फुगले, मिशा थरथरल्या, आणि ते गटाराकडे जे सुटले, ते सकाळच्या पूर्वीपेक्षा जोरात!

"आता हा," पूर्वीने दुसरा पुढे केला. काकांनी भीतभीत टोक चावलं. मग उरलेला अख्खा तोंडात टाकला.

"शिवडीला होडी मोडत होते," ते पुटपुटले. "फुकट देत होते. मला वाटलं, लाकूड ते लाकूड."

"दौलत," आजी म्हणाल्या, "त्या जाळावर मी माझा गुडघासुद्धा शेकायला धरणार नाही, आणि तू चाळीला जेवू घालणार होतास? पोरांनी अब्रू वाचवली तुझी."

आणखी करवंट्या गोळा करत संध्याकाळी काका स्वतः शेजारच्या चाळीतही हिंडले. मोठं मडकं उपडं बसलं, जाळ चढला, पाल्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

दरवर्षी मडक्यावर लक्ष ठेवायला आजींची खुर्ची जाळापाशी असायची. पूर्वीने सवयीने ती तिथेच मांडली.

"तिथे नको गं," आजी म्हणाल्या. "पंगतीत टाक. मला आज जेवायला बसायचंय."