शेवटचं झाड चारोळीचं

आंबा.

आंब्याचं कलम घ्यायचं आणि दुपारच्या एसटीनं तळेगावला परतायचं, एवढंच ठरवून रुचिका वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या त्या रोपवाटिकेत शिरली होती. पाणी देणाऱ्या तरुणानं विचारलं, आंबा कोणता देऊ? घरी खाणार कोण?

"पाखरं," ती म्हणाली.

त्यानं पाइप खाली ठेवला. पाणी तिच्या चपलांवरून वाहत गेलं… दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. रस्ता रुंद झाला तेव्हा घरामागची झाडं गेली आणि त्यांच्याबरोबर फळं खायला येणारी हिरवी कबुतरं, हरियलही गेले. बाबा म्हणजे मोतीलाल किराणावाले. त्यांनी ती जागा या पावसाळ्यापुरती तिच्या हवाली केली होती. झाडं लागली नाहीत तर तिथं गोदाम होणार. मग कलम राहिलं बाजूला. पाखरांना गिळता येईल अशी बारीक फळं हवीत यावर दोघांचं एकमत झालं. जांभूळ, उंबर, बोर, चारोळी.

"सगळी मिळतील ना, भाऊ?"

भाऊ! सवयीनं तोंडातून गेलं. आणि मग अख्खा पावसाळा सलत राहिलं.

जांभूळ.

अमरनं, म्हणजे त्या पाइपवाल्यानं, एकच रोप दिलं. बाकीची तयार नाहीत म्हणाला. पुढच्या आठवड्यात या.

उंबर.

पुन्हा एकच. मोतीलालांनी विचारलं, "एका झाडासाठी एवढ्या दूर? रोपवाटिका हाये का देवस्थान?" "अमरभाऊकडं एवढंच तयार होतं," तिनं सांगितलं.

बोर.

हे रोप तिनं परत नेलं. पान वाकडं आहे म्हणून. पान वाकडं नव्हतं.

अमर ते पान बराच वेळ न्याहाळत राहिला. मान वर केली तेव्हा डोळे थेट तिच्या डोळ्यांत…

"खरंच वाकडं हाये, मॅडम."

आता हे काय? खोटं का बोलला तो? गिऱ्हाइकाचं मन राखायला? की त्यालाही… छे. की? परतीच्या एसटीत मांडीवर बदलून मिळालेलं बोर होतं, खिडकीतून पावसाचे शिंतोडे येत होते, आणि काच ओढून घ्यायचं तिला सुचलं नाही.

चारोळी.

ही एकदा लागली की वर्ध्याला यायचं कारणच संपणार होतं. आणि ते बाबांनीच संपवलं. चारोळी दुकानात डबा भरून असताना विकत काऊन आणतं, म्हणत त्यांनी मूठभर दाणे स्वतःच मागे पेरून टाकले.

ती शेवटचं सांगायला गेली. चारोळी नको आता.

अमरचा चेहरा उतरला. मग त्यानं हळूच विचारलं, "पेरली कोणती? सोललेली?"

"दुकानात तशीच असते."

"ते खिरीतच उगवते, मॅडम." तो हसत हसत खाली बसला. तीही हसली, आणि हसता हसता तिला रडूच यायला लागलं.

हिरव्या जाळीमागून त्याच्या आईनं, जिजाबाईंनी, डोकं बाहेर काढलं. "देऊन टाक ना बाबा तिले तिची चारोळी. आंबा मांगाले आलती, त्याच दिवशी सारी रोपं बाजूले काढून ठेवलीस. कोणाले हात लावू देत नाई."

जाळीमागं चारोळीचं रोप उभं होतं. शेजारी ओल्या मातीवर जांभूळ, उंबर, बोर यांच्या पिशव्यांचे गोल ठसे.

अमरनं पाइप उचलला. पाइपला पाणीच नव्हतं.

"काऊन असं केलं?"

"सगळी एकाच खेपेले दिली असती, तर तुमी… पुन्हा आल्या असत्या?"

"पान वाकडं नव्हतं."

"माहीत हाये मले."

तिनं चारोळी उचलली, छातीशी धरली… आणि परत त्याच ठशावर ठेवली. "हे तुमीच घेऊन या. रविवारी, तळेगावले. मी बाबांले सांगून ठेवते."

"काय सांगसान?"

तिला माहीत नव्हतं. तळेगाव येईपर्यंतही सुचलं नाही.

रिकाम्या हातांनी आलेल्या लेकीला मोतीलालांनी विचारलं, चारोळी कुठं हाये?

"येऊन राह्यली. रविवारी. अमर आणून देणार हाये."

मोतीलालांनी तराजू खाली ठेवला. "अमर? भाऊ म्हणत होतीस ना त्याले?"

"चुकलं होतं, बाबा."