शून्य सेकंदांचा घुमारा

नादूने सहाव्यांदा तोच आकडा दाखवला. शून्य पूर्णांक शून्य.

"अभिनंदन," तो म्हणाला. "या खोलीत घुमारा नाही."

"घुमारा नाही... मारा नाही... नाही..." भिंती बराच वेळ म्हणत राहिल्या.

शाल्मली शिडीच्या तळाच्या पायरीवर बसली होती. तिला हसूही येईना. सकाळपासून ती मायक्रोफोनचं तीन पायांचं तिकाटणं उचलून या गोल, काँक्रीटच्या निवाऱ्यात एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर नेत होती. चक्रीवादळ आलं की अख्खं गाव इथे येऊन बसायचं. निवारा मजबूत होता, पण आत कुणी बोललं की शब्दावर शब्द चढायचे आणि सगळ्याचा काला व्हायचा. गेल्या वर्षीच्या वादळात भोंग्यावरून सांगत होते, समुद्राकडचं दार उघडू नका. शाल्मलीचे आजोबा, आबा गावकर, कानाला यंत्र लावतात. त्यांना काहीही उमगलं नाही. त्यांनी तेच दार उघडलं. पाण्याच्या लोंढ्याने त्यांना भिंतीवर आपटलं, तेव्हापासून त्यांचं डावं कोपर सरळ होत नाही.

म्हणून आज हेमांगी मावशी आली होती. ती ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारी) होती. सव्वीस दिवसांत किनाऱ्यावरचे एकोणीस निवारे मोजून ती इथे पोचली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. जेटीला लागलेल्या तिच्या बोटीत ध्वनिशोषक तक्ते (आवाज परत न फेकता पिऊन टाकणारे जाड, सच्छिद्र तक्ते) रचलेले होते. नियम सरळ होता. निवाऱ्याचा निनादकाळ (आवाज थांबल्यावर तो पुरता विरायला लागणारा वेळ) जितका जास्त, तितके तक्ते जास्त. निनादकाळ शून्य, तर तक्तेही शून्य. सगळे पुढच्या गावाला.

"पुन्हा एकदा," मावशी म्हणाली. तिचा आवाज चोळामोळा झालेल्या कागदासारखा होता.

नादू म्हणजे चार चाकांवरची एक बुटकी पेटी. तिच्यात मोजणीचा प्रोग्राम होता, माथ्यावर पडदा आणि पोटाला स्पीकर. त्या स्पीकरमधून खोल, घोगऱ्या स्वरापासून बारीक स्वरापर्यंत चढत जाणारी लांब शीळ निघायची. भिंती ती परत फेकायच्या, मायक्रोफोन ते ऐकायचा आणि नादू हिशेब करायचा. शीळ वाजली. निवारा भरून गेला. पडद्यावर मात्र सुरुवातीला एक उंचवटा आला आणि पुढे सपाट रेघ.

"मायक्रोफोन चालू तरी आहे का?" शाल्मलीने विचारलं.

"टिचकी मार," मावशी म्हणाली.

तिने टिचकी मारली. पडद्यावरची हिरवी पट्टी उडी मारून खाली आली. म्हणजे तार तुटलेली नव्हती आणि नादू दुसऱ्याच कुठल्या मायक्रोफोनचं ऐकत नव्हता.

मावशी मायक्रोफोनजवळ वाकली आणि तिचा चेहरा बदलला. जाळीवर पिवळा, वाळलेला ठिपका होता.

"हे काय आहे?"

दाराशी बसलेले आबा उठले. सकाळी काम सुरू होण्याआधी त्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं होतं. गावात नवं काही आलं की ते घालायचेच. "गंध लायलंय मी यंत्राक," ते म्हणाले. "नव्या वस्तूक लावतत. त्यात काय बिघडला?"

"आबा, हा मोजणीचा मायक्रोफोन आहे! याची भोकं सुईपेक्षा बारीक असतात. ती बुजली तर याला ऐकू कसं येणार? एवढं कळायला नको?"

"नको... नको... नको..." भिंती म्हणाल्या.

आबा मागे वळले. जाऊन पुन्हा दाराशी बसले. शाल्मलीला मावशीचा राग आला, पण कुंचला शोधताना मावशीने एकच कप्पा दोनदा उघडला, हेही तिला दिसलं. दोघींनी मऊ कुंचल्याने जाळी साफ केली. शीळ पुन्हा वाजली.

शून्य पूर्णांक शून्य.

तेवढ्यात वायरलेसवर बोट चालवणाऱ्या तांडेलाचा आवाज आला. "बाईंनू, पाणी उतराक लागला. अर्ध्या तासात बोट काढूक व्हयी, नायतर वाळूत रुतात."

मावशी जमिनीवरच बसली. "शाल्मली, शून्य लिहून टाकते. पुढच्या वर्षी परत येईन."

"पुढच्या वर्षी?" शाल्मली म्हणाली. "आणि या पावसाळ्यात काय?"

मावशीने वही उघडली. आबा दाराशी बसून, कुणाकडेही न बघता बोलू लागले. "आमका काय कळता? आमी अडाणी. यंत्राक सगळा कळता. यंत्र सांगता घुमारो नाय, तर नाय!"

शाल्मलीची नजर सहज हिरव्या पट्टीवर गेली. आबांचा शब्द आला की पट्टी चढत होती. शब्द संपला की पडत होती आणि पार तळाला टेकत होती. अगदी शून्यावर. पण शब्द संपल्यावर घुमारा तर चालूच होता, तिच्या कानात वाजत होता. आणि दारातून समुद्राची गाज येत होती. ती तर क्षणभरही थांबली नव्हती.

"मावशी, नादूला समुद्र ऐकू येत नाही."

"काय?"

"आबा बोलतात तेवढंच त्याला येतं. मधल्या वेळात शून्य. थोडं कमी नाही, शून्य! इथे कुणीही बोललं नाही तरी समुद्र असतोच ना?"

मावशीने मान वर केली. पडद्याशी सरकून तिने पट्टी नीट बघितली. मग पिशवीतून हातभर लांबीची एक तार काढली.

"ऐक. आवाजाचा रस्ता असा आहे: स्पीकर, खोली, मायक्रोफोन, नादू. चूक कुठेही असेल. एकेक भाग तपासत बसायला वेळ नाही, म्हणून रस्ता मधेच तोडायचा. ही तार नादूच्या तोंडापासून थेट त्याच्या कानाला. खोली वगळली, मायक्रोफोनही वगळला. आता शीळ पूर्ण उमटली तर दोष बाहेर आहे."

"आणि नाही उमटली तर?"

"तर दोष नादूच्या आत."

तार जोडली. शीळ धाडली. पडद्यावर छोटा उंचवटा आला आणि पुढे सपाट रेघ.

"आत आहे!" शाल्मली ओरडली. "म्हणजे गंधाचा दोष नव्हता."

"नव्हता. गंधाने बारीक स्वर थोडे मंदावले असते, सगळंच पुसलं गेलं नसतं." मावशीने डोळे मिटून घेतले. "नादू, गोंगाट-गाळणी चालू आहे का?"

"हो," नादू म्हणाला. "काल बोटीत इंजिनाच्या आवाजात तुम्ही माझ्यावरून तुमच्या मुलीशी फोनवर बोलत होतात, तेव्हा लावायला सांगितली. काढायला सांगितलं नाही."

गोंगाट-गाळणी म्हणजे बोलणं ठेवून बाकीचा आवाज पुसून टाकणारी सोय. फोनवर ती फार उपयोगी. पण तिच्या लेखी माणसाचं बोलणं तेवढं कामाचं. लांबलचक शीळ हा गोंगाट, घुमारा हाही गोंगाट. जे मोजायला मावशी सव्वीस दिवस हिंडत होती, नेमकं तेच ती गाळणी केराच्या टोपलीत टाकत होती.

"मोजणाऱ्याने ऐकलेलं सुधारायचं नसतं," मावशी हळूच म्हणाली. "जसं आहे तसं ऐकायचं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, बघ."

गाळणी बंद केली. हिरवी पट्टी तळावरून थोडी वर आली आणि तिथेच थरथरत राहिली. तो समुद्र होता. तार काढून मायक्रोफोन जोडला. शीळ वाजली, आणि या वेळी पडद्यावर शेवटपर्यंत रेघ उमटली. मागे उतरत जाणारी लांब शेपटी होती.

"निनादकाळ सहा पूर्णांक चार सेकंद," नादू म्हणाला. "तक्ते छपन्न."

तांडेलाने आणि गावातल्या दहाबारा जणांनी धावपळ करत तक्ते उतरवले. बोटीत चढण्याआधी मावशी आबांसमोर उभी राहिली. "आबा, चूक माझी होती. उगाच तुम्हाला बोलले."

"दमलंस गो तू," आबा म्हणाले. "बोटीत जरा झोप काढ."

तक्ते लावायचं काम गावावर पडलं. चौथ्या दिवशी चाळीस तक्ते भिंतींवर चढले होते. नादू आता इथे नव्हता, त्यामुळे निनादकाळ किती उतरला हे सांगणारं कुणी नव्हतं. शाल्मली शिडीवर उभी होती. आबा निवाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून खिळे निवडत होते.

एक्केचाळिसावा तक्ता तिने कसाबसा टांगला आणि खांदे चोळले. "दुखले बाई हात," ती स्वतःशीच पुटपुटली.

"दुखतत तर खाली उतर," तिकडून आबा म्हणाले. "ऱ्हवलेले उद्या लावया."

शाल्मली शिडीवरच थांबली. या वेळी भिंतींनी शब्द परत फेकले नव्हते आणि आबांनी मानही वळवलेली नव्हती. ते खिळेच निवडत होते.