तहानलेला तरणतलाव

“वाचनालय झालं, बस डेपो झाला, टेकडी झाली. आता काय दाखवणार? कचराकुंडी?” रेडिओने चप्पल झटकत विचारलं.

“चालत राहा आणि जरा वेळ बंद राहा!” बिट्टी म्हणाली.

रेडिओ म्हणजे बिट्टीचा आतेभाऊ. शहराच्या मध्यभागी राहणारा, सुट्टीपुरता इकडे आलेला, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून अखंड प्रसारण करणारा. त्याच्याकडे म्हणे सरकते जिने होते, थंडगार मॉल होते. बिट्टीचं उपनगर बसच्या शेवटच्या थांब्यावर. तिथे बस रिकामी व्हायची आणि ड्रायव्हर मागच्या बाकावर आडवा व्हायचा. पण कमी पैशांत सुट्टी कशी घालवायची, हे बिट्टीला कोणी शिकवायला नको होतं. वाचनालयात पंखा आणि मासिकं फुकट. डेपोच्या कुंपणाशी उभं राहिलं की बस धुणाऱ्या पाइपाचे तुषार फुकट. टेकडीवरून पुठ्ठ्यावर बसून घसरणं फुकट, फक्त पँट फाटली तर आईचा मार वेगळा! आणि हुकमाचा एक्का तिने शेवटी राखून ठेवला होता, तो म्हणजे सार्वजनिक तरणतलाव. त्याचं तिकीट इतकं स्वस्त की आईसुद्धा त्याला कधी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाली नव्हती.

शेजारचा शिडी आधीच फाटकाशी येऊन थांबला होता. तो इतका उंच होता की त्याला फाटकावरून आत डोकावायला टाचा उचलाव्या लागत नसत. बिट्टीचा लहान भाऊ मुंगळा मात्र नेहमीप्रमाणे तिच्या ओढणीला चिकटूनच आला.

“बरा आहे,” पाण्याकडे बघून रेडिओने निकाल दिला. त्याच्या तोंडी ही म्हणजे पदवीच होती!

तलाव जुना पण देखणा होता. एका बाजूला प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या रुंद पायऱ्यांची गॅलरी, आणि उंच खुर्चीवर शिट्टीकाका. बुडणाऱ्याला वाचवणं हे त्यांचं काम, पण कोणी बुडत नसल्यामुळे ते दिवसभर पळणाऱ्यांवर शिट्टी फुंकत. आखूड शिट्टी म्हणजे पळू नका. लागोपाठ तीन लांब शिट्ट्या म्हणजे असाल तसे उठा आणि फाटकाबाहेर व्हा, प्रश्न विचारायचे नाहीत!

येत्या रविवारी इथे शर्यती होत्या. बिट्टी सुट्टीभर त्यासाठीच घाम गाळत होती. तिची आई शिलाईच्या कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवायची. बिट्टीला पोहताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. या रविवारी येते म्हणाली होती, आणि बिट्टी तेव्हापासून दिवस मोजत होती.

पोहून झाल्यावर सगळे तापलेल्या फरशीवर पालथे पडले. मुंगळ्याने फरशीला कान लावला होता. फरशीचा चटका बसत होता, तरी तो कान उचलेना.

“काय रे?”

“ताई, खाली कोणीतरी पाणी पितंय.”

“तुझ्या कानात पाणी गेलंय!” शिडी हसला.

“माझ्या नाही गेलं. त्याच्या घशात जातंय,” मुंगळा शांतपणे म्हणाला.

बिट्टीने हसत हसत कान टेकवला आणि तिचं हसू तिथेच विरलं. खूप खोलवरून आवाज येत होता. घट्... घट्... मग एक लांब श्वास. मग पुन्हा घट्...

“चला घरी!” रेडिओ म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं वाक्य इतकं लहान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तलाव बंद झाला. शिट्टीकाका आणि पंपवाले काका पंपाच्या खोलीत डबा खायला बसले. दोघांची जुनी दोस्ती, जेवताना गप्पा अशा रंगत की बाहेर आभाळ कोसळलं तरी पत्ता लागला नसता. मुलांना ते कपडे बदलायच्या खोलीच्या सावलीत बसू देत. आज मुलं तिथे श्वास रोखून बसली होती.

माणसांशिवाय तलाव वेगळाच दिसत होता. वाऱ्याची झुळूक नव्हती. पाणी काचेसारखं स्तब्ध. मध्यभागी एक सुकं पान तरंगत होतं.

“ते पान बघा,” बिट्टी कुजबुजली.

पान निघालं होतं. वारा नाही, लाट नाही, तरी ते हळूहळू गॅलरीकडे चाललं होतं, कोणी बोलावल्यासारखं. काठाशी पोचल्यावर ते गोल फिरलं, उभं राहिलं, आणि काठाच्या खाली गडप झालं!

घट्!

रेडिओने शिडीचा हात असा धरला की शिडी कळवळला.

बिट्टीलाही पळून जावंसं वाटलं. पण रविवारी याच पाण्यात उडी मारायची होती, आणि आत काय आहे ते न कळता उडी मारणं त्याहून भयंकर होतं. ती काठावर पालथी पडली आणि तिने हात पाण्यात घातला. काठाच्या ओठाखाली वरून दिसणार नाही असं एक वाटोळं भोक होतं. तिचा तळवा तिथे पोचला मात्र, आणि आतून कोणीतरी तो ओढला!

“आई गं!” तिने हात हिसकून घेतला.

“दात होते?” मुंगळ्याने विचारलं.

“नाही रे. नुसती ओढ. थंडगार.” बिट्टीने हात पोटाशी धरला होता. “एक मिनिट. हे पाणीच ओढतंय. पाणी आत चाललंय! इथे पूर्वी पाण्यातला दिवा असणार. दिवा काढला आणि भोक तसंच राहिलं.”

“आत म्हणजे कुठे?” शिडी म्हणाला, आणि सगळ्यांच्या नजरा एकदमच गॅलरीकडे गेल्या.

मधल्या पायरीवर एक भेग होती. शिडीने कपडे वाळत घालायची दोरी आणली, तिच्या टोकाला वजनासाठी एक कुलूप बांधलं आणि भेगेत सोडलं. दोरी जात राहिली. शिडी वाकला, गुडघ्यांवर बसला, शेवटी पालथा पडला, तरी दोरी जातच होती. वर ओढली तेव्हा कुलूप ओलंचिंब होतं. भेगेतून गार वारा येत होता, आणि त्या वाऱ्याला तलावाच्या औषधाचा वास होता.

“म्हणजे गॅलरीखाली माती नाहीच!” रेडिओ पुटपुटला. “नुसता खड्डा आहे. पोकळ!”

“आणि रविवारी सगळे इथेच बसणार,” बिट्टी म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं, कॉलरी शिवून शिवून पाठ धरलेलं.

तलावाचे साहेब गोल खुर्चीत बसून शर्यतीची निमंत्रणं चाळत होते. मुलांचं बोलणं त्यांनी कानाआड केलं.

“पाणी गळतंय? रोज सकाळी मी स्वतः बघतो. पाणी खुणेला असतं. गळणारं पाणी खुणेला कसं राहील? भेग आजच बुजवतो आणि वर रंग देतो, मग तर झालं? पळा!”

मुलं तोंड पाडून बाहेर आली.

“पण साहेब म्हणतात ते खरंच आहे की,” शिडी म्हणाला. “पाणी कमी का होत नाही?”

बिट्टी एकदम थांबली. “पहाटे सरावाला येते तेव्हा पंपवाले काका पाइप लावून पाणी भरत असतात. म्हणाले, शिट्टीकाकांना सांगू नकोस. ते संध्याकाळी पाण्याची कुठली तरी चावी उघडी ठेवून जातात, उगाच बोलणी खातील.”

रेडिओने तिच्याकडे आ वासून पाहिलं. “काल माझा टॉवेल विसरला म्हणून मी संध्याकाळी आलो होतो ना? तेव्हा शिट्टीकाका पाइप लावून पाणी भरत होते! मला म्हणाले, पंपवाले काकांना बोलू नकोस. आता वय झालंय त्यांचं, पुरतं भरायला विसरतात, साहेबांना कळलं तर घरी बसवतील!”

दोघं मित्र एकमेकांची चूक झाकत होते, आणि चूक दोघांचीही नव्हती! पाणी भोकाच्या तोंडापर्यंत उतरायचं, म्हणजे जेमतेम वीतभर. ते एकाने सकाळी भरायचं, दुसऱ्याने संध्याकाळी. ते सगळं पाणी गॅलरीखालची माती धुऊन शेजारच्या जुन्या नाल्यात नेत होतं. कुठल्या दिवसापासून, कोण जाणे.

मुलांनी दोन्ही काकांना गाठलं, पण साहेबांनी दोघांनाही शर्यतीच्या तयारीला जुंपलं होतं, पुरतं ऐकून घ्यायलाही त्यांना सवड नव्हती. “सोमवारी बघू रे बाळांनो,” शिट्टीकाका मांडवाचा खांब ओढत म्हणाले. आईला सांगितलं तर ती थकून भाकरीसारखी पसरली होती. “साहेबांनी बुजवलंय ना? मग झालं तर,” म्हणाली आणि झोपलीसुद्धा.

रविवार उजाडला. मधल्या पायऱ्या निळ्याशार रंगाने चमकत होत्या. आणि त्या प्रत्येक पायरीवर पाटी होती: ‘रंग ओला आहे!’

“कपडे खराब होतील हो! बाजूला बसा, बाजूला!” रेडिओ घसा फोडून प्रसारण करत होता. लोक लुगडी-विजारी सांभाळत दोन्ही टोकांना बसत होते. मधली गॅलरी रिकामी! शिडी गालातल्या गालात हसला. पाट्या त्याच्याच अक्षरात होत्या.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पायरीवर बोट घासलं, बोट बघितलं, मग रेडिओकडे बघितलं.

“काल सकाळीच वाळलाय रंग! कुणाचा हा वात्रटपणा?” त्यांनी पाट्या गोळा केल्या. “या, या, मध्ये बसा सगळे! इथूनच छान दिसतं!”

लोक मध्ये सरकले. आई सगळ्यांत वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिने नवी साडी नेसली होती. तिने हात हलवला.

बिट्टी सुरुवातीच्या ओट्यावर उभी होती. शेजारच्या मुली हात झटकत होत्या. शिट्टीकाका शर्यत सुरू करायचं पिस्तूल घेऊन ओट्यांशी आले होते, त्यांची शिट्टी खुर्चीच्या दांडीला लटकत होती. बिट्टीने आईकडे पुन्हा पाहिलं, आणि तिची नजर मधल्या पायरीवर अडकली. बुजवलेल्या भेगेतलं सिमेंट तिथे नव्हतं. ते आत पडलं होतं. तिथे एक काळी रेघ होती, आणि ती रेघ रुंद होत होती!

घट्... घट्... घट्... इतक्या गलबल्यातही तिला तो आवाज ऐकू आला. की तो तिच्या छातीतला होता?

“तयार!” शिट्टीकाका ओरडले.

ओट्यावरून उतरलं की शर्यत संपली. आईला वाटणार, घाबरली. सगळ्या गावाला वाटणार, घाबरली. बिट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ती उतरली. ती खुर्चीकडे धावली, तिने शिट्टी तोंडात घातली आणि सगळी छाती रिकामी केली.

एक लांब शिट्टी. दुसरी. तिसरी!

“ए मुली! थांब!” साहेब किंचाळले.

पण तलावावरच्या सगळ्या मुलांच्या अंगात तो नियम भिनला होता. गॅलरीतली मुलं उठली ती सरळ फाटकाकडे, आणि मुलं निघाली म्हटल्यावर त्यांच्या मागे आया-बाबा-आजोबा. शिडी आणि रेडिओ म्हाताऱ्यांना हात देत होते. मुंगळा वर चढला आणि आईच्या पदराला लोंबकळला. “चल ना! चल ना! चल ना!”

सगळ्यांत शेवटी आई उतरली. तिने पाय फरशीवर ठेवला आणि मागे एक दीर्घ उसासा ऐकू आला. मोठा आवाज नाहीच. मधली गॅलरी सावकाश, जणू थकून, खाली बसली. निळ्या पायऱ्या आत कलल्या, मोडल्या आणि अंधारात गेल्या. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

 साहेबांच्या हातातल्या पाट्या खाली पडल्या.

मग दोन्ही काका एकदमच बोलू लागले. “अरे, मला वाटलं तू चावी...” “आणि मला वाटलं तू विसरतोस...”  पंपवाले काकांनी डोळे पुसले. “इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, लेका, एक शब्द विचारायचा होतास!”

“तू तरी विचारलंस का?” शिट्टीकाका म्हणाले.

साहेबांनी घाम पुसला.  “मुलांनी सांगितलं होतं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “मी ऐकलं नाही. आज इथे जे कोणी उभे आहेत, ते या चौघांमुळे उभे आहेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिडीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. रेडिओला बोलायला सांगितलं तर तो चक्क लाजला!

घरी जाताना आई गप्प होती.  बिट्टीला राहवेना.

“रागावलीस?”

“तू उतरलीस तेव्हा रागावले होते,” आई म्हणाली. “वाटलं, एवढं करून ऐनवेळी कच खाल्ली पोरीने.”

“मी पहिली आले असते गं,” बिट्टी म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं. “तुला दाखवायचं होतं मला.”

आईने रस्त्याच्या मधोमध तिला जवळ घेतलं. शिवणयंत्राने खरखरीत झालेल्या बोटांनी तिने बिट्टीचे गाल पुसले. “जे बघायचं ते मी बघितलं,” ती म्हणाली. तिने बिट्टीचा हात घट्ट धरला होता. रस्ता ओलांडून झाला, गल्ली आली, घराचं दार आलं, तरी तिने तो सोडला नाही. शेवटी कुलूप मुंगळ्यालाच उघडावं लागलं.