इंद्याचं विरजण

"किती?"

"शून्य."

"परत मोज."

"परत मोजलं तरी शून्यच येईल," मोजक्या म्हणाला.

मोजक्या म्हणजे वॉर्डात रक्त तपासणारा यंत्रमानव. गोड बोलायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून अख्ख्या दवाखान्यात अकरा वर्षांच्या सगुणाला तो एकटाच आवडायचा. बाकीचे सगळे गोडच बोलले होते. तिच्या तीन वर्षांच्या भावाच्या, इंद्याच्या, डोळ्यात फोटो काढताना पांढरी चमक दिसायची, तेव्हा मामा म्हणाला, लाईट पडला असेल. आत्या म्हणाली, नजर लागली, आणि काळा दोरा बांधून मोकळी झाली. त्या गोडपणात चार महिने गेले. तेवढ्या वेळात डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर बाहेर पडून हाडांपर्यंत पोचला. एक डोळा काढावा लागला.

आता इंद्या आईबरोबर काचेच्या खोलीत होता आणि सगुणा काचेबाहेर येरझाऱ्या घालत होती.

"मला एक सांग. तुमच्या औषधानं त्याचा रक्त बनवायचा कारखानाच मेला. हे आधी माहीत होतं ना? मग दिलं कशाला? येडे आहात काय?"

"माहीत होतं, म्हणूनच तयारी केली," मोजक्या म्हणाला. "आधीच्या औषधांनी कॅन्सर बराच मेला. पण काही चिवट पेशी लपून राहतात. त्यांना मारायला फार मोठा डोस लागतो, आणि त्या डोसानं अस्थिमज्जाही (हाडांच्या पोकळीतला मऊ मगज, जिथं रक्त तयार होतं) संपते. म्हणून डोसाआधी इंद्याच्याच रक्तातून मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात) वेगळ्या काढल्या. त्यांत कॅन्सर नाही ना, ते तपासून त्या गोठवून ठेवल्या. डोस संपल्यावर शिरेतून परत सोडल्या. त्या आपली वाट शोधत हाडांत जाऊन बसतात."

सगुणा थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"म्हणजे विरजण काढून ठेवलं, भांडं उकळत्या पाण्यानं धुतलं आणि परत विरजण लावलं!"

"विरजण म्हणजे काय ते मला माहीत नाही."

"चमचाभर जिवंत दही रे. त्यातले जंतू वाढतात आणि सगळ्या दुधाचं दही होतं."

"मग बरोबर आहे. आज नववा दिवस. दहा-चौदा दिवस लागतात. कधी जास्त."

"आणि लागलंच नाही तर?"

"तर जिवाला धोका. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. ते शून्य आहेत तोवर साधासुधा जंतूसुद्धा भारी पडतो."

तेवढ्यात तिचे आजोबा, आबा, आले, गावाकडून पहिल्या गाडीनं, तोंडाला मास्क लावून. औषधं आत द्यायची छोटी खिडकी उघडून त्यांनी स्टीलचा डबा आत सरकवला.

"आपल्याच डेअरीचं दही. तुझ्या आईला म्हणावं, त्याच्या हातावर ठेव. परीक्षेला जाताना तुझ्या नाही ठेवत? बोटभर चाटलं की काम फत्ते!"

आतून आईनं हात पुढं केला. सगुणानं झडप घालून डबा ओढला.

"अगं ए! भावाच्या तोंडचं काढून घेतीस?"

"त्यात जंतू आहेत, आबा!"

आबांचे कान लाल झाले. "बावीस वर्षं डेअरी चालवतोय. एक तक्रार नाही. माझ्या दह्यात जंतू?"

"जिवंत आहेत म्हणूनच तर विरजण लागतं! आपल्याला चालतात ते. त्याच्याकडं आज एकही पहारेकरी नाही. शून्य म्हणजे शून्य, आबा!"

आबांनी मोजक्याकडं पाहिलं.

"बरोबर बोलतेय ती," मोजक्या म्हणाला. "या डब्यानं त्याचा जीव जाऊ शकला असता."

आबा मटकन बाकावर बसले. डबा मांडीवर.

अकराव्या दिवशी सकाळी सगुणानं मोजक्याला दारातच गाठलं.

"किती?"

"ऐंशी."

"नीट सांग!"

"ऐंशी. कारखाना सुरू झाला."

काचेपलीकडं आई रडायला लागली. इंद्या एका डोळ्यानं तिच्याकडं बघत राहिला. रडायला काय झालं, हे त्याला कळेना.

"बरा झाला म्हणायचं?" सगुणानं विचारलं.

"नाही. कॅन्सर गेला का, ते पुढच्या तपासण्या सांगतील. काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल."

आबा बाकावरून उठून पुढं आले. "दही कधी चालंल त्याला?"

"डॉक्टर सांगतील. महिने लागतील."

आबांनी लगेच घरी फोन लावला. "ऐका, विरजण मोडू देऊ नका! रोज लावा. पोरगं घरी येईस्तोवर हेच चालू राहिलं पाहिजे."

सगुणाच्या येरझाऱ्या परत सुरू झाल्या होत्या. "उद्या किती वाजता मोजणार?"

"सहाला."

"मी पावणेसहाला येते."

"लवकर आल्यानं आकडा वाढत नाही."

"माहीत आहे रे," सगुणा म्हणाली. "तरी येते."