कोनाड्यातली खारट रोटी

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी अबादीर घरातून निघाला तो खरं तर भट्टीवर जायला, पण वाटेत मीठ घ्यायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"जाडं मीठ घ्या," महराएल दारापर्यंत येऊन म्हणाली. "बारीक आणलंत तर बदकाला तुम्हीच चोळत बसा. आणि रस्त्यात कुणाशी गप्पा ठोकू नका."

"भट्टीत पाऊल टाकलं की मला तोंड उघडायचं नसतं. नियम आहे."

"असा नियम घरातही असता तर," महराएल म्हणाली आणि हसत आत गेली.

गाव त्या दिवशी उतावीळ झालं होतं. महिनाभराहून जास्त काळ सगळे उकडलेल्या वालांवर आणि तेलातल्या भाज्यांवर दिवस काढत होते. आज मध्यरात्री प्रार्थना संपली की उपास सुटणार, आणि मग बदकं, कबुतरं, रश्श्यात भिजवलेली रोटी. गल्लीगल्लीतून कुणाचं बदक जाड, कुणाचं पाप्याचं पितर, यावर वाद चालले होते. कैरोला, अलेक्झांड्रियाला गेलेली पोरं बॅगा घेऊन नाईलच्या काठाने गावात येत होती. अबादीरला मात्र यातलं काही गोड लागत नव्हतं.

कारण आज त्याची शेवटची संधी होती.

चर्चमागच्या त्या लहानशा खोलीला गाव बेथलहेम म्हणत असे. वेदीवर जाणारी रोटी तिथंच भाजायची. त्याच्या बाखूम मामाने जन्मभर तेच केलं. उन्हाळा सरता सरता मामा गेला, आणि जाताना रोटीवर उमटवायचा लाकडी ठसा अबादीरच्या हातात देऊन गेला. त्या ठशावरच्या कडेच्या एका क्रुसाचा कोपरा उडालेला होता. मामाचाही वरचा पुढचा एक दात उडालेला होता, त्यामुळे 'स' म्हणताना बारीक शीळ वाजायची. स्तोत्रं म्हणायला लागला की बाहेर खेळणारी पोरं त्याची नक्कल करत. मामा म्हणायचा, "वाजवा वाजवा, देवाला चाल कळते."

अबादीरचा स्वतःचा रोटीचा धंदा होता. पीठ मळणं त्याच्या हाडात होतं. तरीही मामाच्या भट्टीत त्याची रोटी काही केल्या सरळ येईना. वरून तडकायची. तडकलेली रोटी वेदीवर चालत नाही. गेल्या रविवारी तर एकही धड निघाली नाही, आणि सगळं गाव प्रार्थनेसाठी उभं असताना शेजारच्या गावातून मोटारसायकलवर रोटी आणावी लागली. त्या दिवशी अबादीरला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

अबूना मत्ता आज खोलीच्या दारातच उभे होते. म्हातारे पाद्री मनाचे मऊ, पण आज त्यांनी नजर चुकवली.

"अबादीर, कमिटीचं ठरलंय बाबा. आजची रोटी नीट आली तर ठीक. नाहीतर सणानंतर या खोलीला कुलूप. शहरातून विजेच्या भट्टीतली आणायची."

"मामाची भट्टी विझवायची, अबूना?"

"मी थोपवलं तेवढं थोपवलं. आता तुझ्या हातात आहे." ते जरा थांबले. "पोटात काही गेलं नाही ना?"

"पाणीसुद्धा नाही."

रोटी करणाऱ्याने उपाशी राहायचं, चव घ्यायची नाही, पहिल्या मुठीपासून शेवटची रोटी बाहेर येईपर्यंत स्तोत्रांशिवाय शब्द काढायचा नाही. आणि या रोटीत मीठ नसतं. पीठ, पाणी, खमीर, बस्स.

चर्चच्या मागे टेकाड होतं. तिथं गेल्या हिवाळ्यापासून उत्खनन चालू होतं. तिथली प्रमुख राविया, तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. पडक्या भिंतींची डॉक्टर. सणासाठी मजूर घरी गेले होते, ती मात्र ताडपत्रीच्या दोऱ्या तपासत हिंडत होती.

"उस्ता अबादीर," तिने कारागिराला मान देऊन हाक मारली, "तुमच्या भट्टीच्या पाठीला पाठ लावून जुन्या मठाची भट्टी आहे, माहीत आहे? मधली भिंत एकच. तिथल्या खोलीत छपरापर्यंत वाळू भरलीय, आणि भट्टीचं तोंड विटांनी लिंपलेलं आहे. सण झाला की उघडणार आम्ही."

"मामा म्हणायचा, पलीकडे कुणीतरी आहे म्हणून."

"असेल की. भाडं थकलं असेल बिचाऱ्याचं," ती म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन निघून गेली.

अबादीरने आत येऊन दार लोटलं. खोलीत राख आणि जुन्या पिठाचा वास कोंडला होता. समोरची भिंत फराओच्या कुठल्याशा देवळाच्या दगडांची. त्या दगडांवर डोक्यावर रोट्यांच्या टोपल्या घेतलेल्या माणसांची रांग कोरलेली होती, आणि मठातल्या कुणी मागाहून त्यांच्या मधे मधे क्रूस ओरखडून ठेवले होते. भिंतीत एक कोनाडा होता. त्याने अंगातल्या लांब गलाबियाच्या खिशातली मिठाची पुडी काढून परातीच्या उजव्या हाताला, कट्ट्यावर ठेवली आणि भट्टी पेटवली.

पीठ चाळता चाळता त्याने पहिलं स्तोत्र सुरू केलं, आणि त्याला मामाची एक गोष्ट आठवली. मामा एक ओळ म्हणून गप्प व्हायचा, मग दुसरी सोडून तिसरी म्हणायचा. चर्चमध्ये दोन बाजू एकेक ओळ वाटून घेतात ना, तसं. अबादीरने एकदा विचारलं होतं, तर मामा म्हणाला, "एक आपली, एक त्याची. त्याच्या ओळीवर आपण हक्क सांगू नये." म्हाताऱ्याचा दम पुरत नाही, एवढाच अर्थ अबादीरने काढला होता. आज मात्र सगळं करून पाहायचं त्याने ठरवलं होतं.

एक ओळ म्हटली. थांबला. भट्टीत लाकूड तडतडलं.

पुन्हा एक ओळ. थांबला. बाहेर कुठंतरी बदक ओरडलं, आणि एकदम गप्प झालं.

तिसऱ्यांदा थांबला, आणि भिंतीतून सोडलेली ओळ आली.

आवाज हलका होता. पिठाच्या पोत्यातून यावा तसा. शब्द कळत नव्हते, कारण ती चर्चमध्ये उरलेली जुनी भाषा होती. पण चाल तीच होती, आणि जागा नेमकी तीच.

अबादीरच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावं असं वाटलं. पण हात पिठात होते, आणि त्या क्षणी पुढची ओळ त्याची होती. ती म्हटली नाही तर पलीकडचा माणूस खोळंबून राहील, असला वेडा विचार त्याच्या डोक्यात आला. त्याने ती म्हटली. उत्तर आलं. पुन्हा म्हटली. पुन्हा आलं. हळूहळू भीती बाजूला सरली, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला त्या खोलीत बरं वाटलं. ओळीमागून ओळ, मुठीमागून मूठ, हात आपोआप चालू लागले...

आणि आवाज थांबला.

अबादीरने आपली ओळ म्हटली, वाट पाहिली. काही नाही. अजून एक. काही नाही. भास होता तर, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याचा जीव खट्टू झाला. पण ही शांतता रिकामी नव्हती. भिंतीपलीकडे कुणीतरी तोंड घट्ट मिटून उभं आहे, असं त्याला सारखं वाटत होतं. तो मळत राहिला. पीठ फुगलं, गोळे झाले, तरी पलीकडून शब्द नाही. कोरलेल्या रांगेच्या खालून वाळूची बारीक धार सांडली आणि थांबली. खोली गार पडली. कोण आहे, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ओठ दाताखाली दाबले.

पहिल्या गोळ्यावर त्याने ठसा दाबला, उचलला. कोपरा उडालेल्या क्रुसाच्या खाचेत काहीतरी चमकलं.

जाड्या मिठाचा खडा.

त्याने कट्ट्याकडे पाहिलं. पुडीचं तोंड उघडं होतं आणि ती निम्मी झाली होती. त्याच्या दुकानात मिठाचा डबा परातीच्या उजवीकडेच असतो. वर्षानुवर्षांची सवय, हात गेला आणि मूठभर टाकून आला. चव घेता येत नव्हती, म्हणजे हे उमगलं असतं ते थेट वेदीपाशी, अबूनांच्या जिभेवर, सगळ्या गावासमोर. पलीकडचं तोंड का मिटलं होतं, ते अबादीरला आता कळलं. तो खालीच बसला.

खिडकीतलं ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. खारट गोळे त्याने बाजूला सारले, हात धुतले, ठसा धुतला, पुडी बाहेर नेऊन ठेवली आणि नवं पीठ घेतलं. आता घाई केली तर तडकणार, आणि घाई न केली तर प्रार्थनेची घंटा होणार. भरभर म्हणून टाकावं, असं मन म्हणत होतं. त्याने एक ओळ म्हटली आणि जीव मुठीत धरून दुसरीची जागा सोडली.

उत्तर आलं.

अबादीरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्याने घाई केली नाही. पलीकडचा म्हातारा निवांत होता, प्रत्येक ओळ चघळून म्हणत होता, आणि तेवढा वेळ पीठ विसावत होतं. अंधार पडता पडता रोट्या बाहेर आल्या. गोल, सोनेरी, वरून डोळ्यासारख्या नितळ. एकीलाही तडा नव्हता.

निवत्या भट्टीत त्याने खारट गोळेही भाजून घेतले. टाकायचं कशाला? सणाला घरी होतील. मग ठसा उमटलेली ती पहिली रोटी त्याने कोनाड्यात ठेवली. आता बोलायला हरकत नव्हती, तरी आवाज कुजबुजल्यासारखाच निघाला.

"बाबा... ही तुमची. मध्यरात्री उपास सुटला की खा. मीठ आहे त्यात..."

रोट्यांची टोपली उचलून तो चर्चकडे निघाला.

त्या रात्री टोपलीतल्या रोट्यांवरून अबूना मत्तांचा हात फिरत राहिला. एक निवडायची, आणि सगळ्याच निवडण्यासारख्या. शेवटी त्यांनी मान वर करून अबादीरकडे पाहिलं आणि चक्क डोळा मारला. कुलपाचा विषय तिथंच मिटला. घरी मात्र महराएलने निम्मी पुडी पाहून कपाळाला हात लावला. बदक अळणी झालं, रोटी खारट. मुलांनी एका घासात दोन्ही कोंबलं आणि असं बदक जन्मात खाल्लं नाही म्हणून सांगितलं. इतकं हसणं त्या घरात मामा गेल्यापासून झालं नव्हतं.

सकाळी कोनाडा रिकामा होता. मांजर, अबादीरने ठरवलं.

सणानंतर मजूर परतले. काही दिवसांनी रावियाने त्याला बोलावणं धाडलं. मठाच्या भट्टीच्या खोलीतली वाळू उपसून झाली होती आणि तोंडाच्या विटा तिने त्याच सकाळी स्वतःच्या हाताने काढल्या होत्या.

"हे बघा काय निघालं." तिच्या तळहातावर एक काळपट, दगडासारखी कडक रोटी होती. "विटा लिंपल्या तेव्हापासून आत कुणी हात घातलेला नाही. पण मला एक कळत नाही, उस्ता. आमच्या धंद्यातली वाईट खोड, मी जीभ लावून पाहिली. ही खारट आहे. मठातल्या लोकांनी मीठ कसं घातलं?"

अबादीरने रोटी हातात घेतली. वरचा ठसा पुसट झाला होता, तरी कडेच्या क्रुसाचा उडालेला कोपरा दिसत होता. त्याने खिशातला ठसा चाचपला.

"आणि हे," राविया हळूच म्हणाली. "उंदीर म्हणावं, तर उंदीर असा खात नाही."

कडेला दोन घास घेतलेले होते. एक नीट दातांचा. दुसऱ्यात वरच्या पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती.

"उस्ता... हसताय काय?"

"काही नाही, डॉक्टरीणबाई. मामाला सोबत मिळाली म्हणायची."

अबादीर अजून त्याच भट्टीत रोटी करतो, आणि ती तडकत नाही. फक्त आता तो एक ओळ म्हणून दोन ओळींची जागा सोडतो. पहिली ओळ जुन्या भाषेत येते. दुसरी त्याच्या स्वतःच्या भाषेत, आणि तीत 'स' आला की बारीक शीळ वाजते.