हरिचंद्राचा पंच

सुहासिनीची झोप उडाली ती एका लोखंडी तुकड्यापायी. बोटभर लांबीचा पंच, म्हणजे धातूवर ठोकून उमटवायचा शिक्का, टोकाला उलटी अक्षरं, 'ह. चं.' माझ्या पुतण्याची बायको ती, म्हणून हे ऐकीव नाही, पोरांनो. दार लोटून घ्या.

ब्याण्णव साल, सर्वपित्री अमावास्या. घर अंबरनाथ पश्चिमेला. पुतण्या गुरुदत्त एका कारखान्यात सुपरवायझर. नौदलाचं एक जहाज होतं, भर समुद्रात लढाऊ जहाजांना तेल-पाणी पुरवणारं. परदेशी बनावटीचं, जुनं, सुटे भाग मिळेनात. त्याचे व्हॉल्व्ह इथं बनायचे. इंजिनाच्या खोलीत समुद्र शिरू नये म्हणून बसवतात ते. हरिचंद्र टेस्टर. एकेक व्हॉल्व्ह हवा भरून हौदात बुडवायचा आणि स्वतःचाही श्वास रोखून बघत बसायचा. बुडबुडा आला की माल बाद. नाही आला, तरच आपला पंच ठोकायचा. टेस्टर गेला की त्याचा पंच फोडायचा, असा तिथला रिवाज.

हरिचंद्र श्रावणात गेला. पंच घरीच राहिला.

त्या दुपारी गुरुदत्तनं बायकोला बुवापाड्यात धाडलं, हरिचंद्राच्या बायकोकडे, काशीकडे. "आठवण म्हणून मागितलाय म्हण."

काशीनं फडक्यातून पंच काढला. "वैनी, त्यांनी सांगलेलं, माझे मागं फोरून टाका. माझा हातच नाय धजला. तुमी फोराल ना?"

"हो," सुहासिनी म्हणाली. इतकं सोपं होतं ते.

रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "व्हॉल्व्ह टेस्ट तरी केलेत का सगळे?"

"दोन केले, पास झाले. बाकीचे त्याच साच्यातले. जहाज पहाटे सुटतंय, माल वाटेतच बसवणार. आणि नव्या टेस्टरची मंजुरी अजून साहेबाच्या टेबलावर लोळतेय. हरिचंद्राचा शिक्का मारून माल ट्रकनं गेला पण. तू बीएस्सी ना? मग शिकल्या माणसासारखी गप झोप."

बीएस्सी झोपली नाही. खोटं बोलून झाल्यावर काय करायचं, ते केमिस्ट्रीत नव्हतं. चार वर्षांच्या मधूचं पांघरूण ती उगाच पुन्हापुन्हा सारखं करत राहिली. तेवढं तरी आपल्याला जमतं, असं वाटून.

सव्वाबाराला मोरीत आवाज झाला.

बुडुक.

नळ असेल. पण पाणी तर सकाळी येतं...

बुडुक.

मग वास आला. मशीनच्या तेलाचा. हरिचंद्राच्या कपड्यांना यायचा तसा.

मोरीतल्या पिंपाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाण्यात बघत. छाती हलत नव्हती.

"अहो..."

गुरुदत्त जागाच होता. तोही तिकडंच बघत होता.

सुहासिनीनं मधूला कुशीत घट्ट धरून ठेवलं. उजाडेपर्यंत...

उजाडलं तेव्हा मोरीत कुणी नव्हतं. पिंपाच्या तळाशी एक व्हॉल्व्ह होता. खिळे ठोकलेल्या खोक्यातून काल ट्रकनं गेलेल्यांपैकीच. 'ह. चं.' उमटलेली जागा कानशीनं घासून साफ केलेली. आणि त्यातून बुडबुडे येत होते. एकामागून एक. थांबेनात.

गुरुदत्त गोदीत फोन करायला अनवाणी पीसीओकडे पळाला. परत आला तो उंबऱ्यातच बसला.

"सुटलं गं जहाज, सगळ्या खलाशांसकट. गोदीतला माणूस मलाच हसला. म्हणाला, हरिचंद्राचा शिक्का आहे ना, मग काळजी कसली?"

सुहासिनीनं भिंतीला पाठ टेकली.

मधू डोळे चोळत मोरीत आला. पिंपाचा काठ धरून आत वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "हे सगळे काका वर कधी येणार?"